डोंगरात जमा

विशाखा इंगोले धामणदरीच्या केंद्रावर रुजू झाली तेव्हा तिनं पंचेचाळिशी ओलांडली होती. या वयात माणसं घराला रंग काढतात, फार तर चष्मा बदलतात. विषय कुणी बदलत नाही. तिनं बदलला, कारण जुना विषय तिच्या हातून निघून गेला होता.

पुण्यात तिनं उमेदीची सगळी वर्षं हृदयाचं चुंबकत्व मोजण्यात घालवली होती. प्रत्येक ठोक्यासरशी हृदयाभोवती एक चुंबकीय क्षेत्र उमटतं, पण ते इतकं क्षीण की रस्त्यानं गेलेली रिक्षासुद्धा त्याला बुडवून टाकते. म्हणून रोग्याला खास धातूच्या भिंती असलेल्या बंद खोलीत झोपवावं लागे. अशा खोल्या बांधण्यात विशाखाचा हातखंडा होता. लिफ्ट, विजेच्या तारा, खुद्द पृथ्वीचं चुंबकत्व, सगळ्याला ती दाराबाहेर थांबवायची. मोबाइल घेऊन आत शिरणाऱ्याला तर ती अशी फैलावर घ्यायची की पुढच्या वेळी तो दारातच खिसे उलटे करून दाखवी. मग हिऱ्याच्या सूक्ष्म कणांचे नवे संवेदक आले. त्यांना खोली नको, भिंती नकोत. छातीवर पट्टी चिकटवली की काम झालं. तिच्या खोल्या भंगारात निघाल्या आणि त्यांच्याबरोबर तिचं कसबही.

हिमालयातल्या मोठ्या भूकंपानंतर देशभर गुरुत्वमापक केंद्रांचं जाळं उभं राहत होतं. तिथं माणसं हवी होती, आणि नाजूक मोजमापाची सवय असलेली माणसं फार नव्हती. बुलढाण्याच्या डोंगरातल्या धामणदरीची नेमणूक आली आणि विशाखानं सामान बांधलं. बरोबर वडील होते. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, लग्न विशाखानं केलं नव्हतं, त्यामुळे बाप-लेकीचं घर एका टेम्पोत मावलं.

पहिल्याच दिवशी केंद्रप्रमुख निलोफर काझी तिला डोंगराच्या पोटातल्या बोगद्यात घेऊन गेल्या. काझीबाई साठीला टेकलेल्या, ठेंगण्या, आणि उभी हयात गुरुत्वाकर्षण मोजण्यात घालवलेली.

"याला आवरण कसलं घातलंय?" यंत्राभोवती फिरत विशाखानं विचारलं.

"कसलं घालू, तूच सांग."

"म्हणजे बाहेरचं आत येऊ नये म्हणून काहीतरी असेलच ना?"

"काही नाही," काझीबाई म्हणाल्या. "वीज अडवता येते, चुंबक अडवता येतो, ऊनसुद्धा अडवता येतं. गुरुत्वाला पडदा नसतो. शिशाची भिंत घाल नाहीतर अख्खा डोंगर घाल, ते आरपार जातं. आपण दोघी इथं आलोय ते त्याला कळलंय बघ."

त्यांनी यंत्राच्या पडद्याकडे बोट दाखवलं. हिरवी रेघ दोघी आत आल्यापासून वर चढून बसली होती.

"मग हा गोंगाट काढायचा कसा?"

काझीबाई हसल्या. "चुंबकवाले तुम्ही! इथं गोंगाट नसतोच गं. ज्याला तू गोंगाट म्हणतेस, ते कुणाचं तरी वजन असतं."

नव्या सुनेला सासरच्या रीती सांगाव्यात तसं ते विशाखानं मान हलवून ऐकून घेतलं, आणि मनात ठरवलं की या घरात आधी साफसफाई करायला हवी.

यंत्र तसं समजायला अवघड नव्हतं. हवा काढून घेतलेल्या उभ्या नळीत लेसरनं अणू इतके गार करायचे की त्यांची वळवळ जवळजवळ थांबते. मग ते सोडून द्यायचे आणि ते पडतात कसे हे लेसरनंच पाहायचं. नळीच्या वरच्या टोकाला एक ढग, खालच्या टोकाला दुसरा. दोघांच्या पडण्यातला फरक म्हणजे आसपासच्या वस्तुमानाची खबर. जमिनीखाली कुठं खडक सरकला की वस्तुमान हलतं, आणि हा बदल प्रकाशाच्या वेगानं सगळीकडे पोचतो. भूकंपाचा हादरा मात्र खडकातून वाट काढत मागाहून येतो. मधल्या काही सेकंदांत शाळा रिकाम्या होऊ शकतात, रेल्वे थांबू शकते. यंत्र त्या सेकंदांसाठी होतं. पण रेघ आधीच खडबडीत असेल तर त्यात ती खबर दिसणार कशी? ज्या केंद्राची रेघ स्वच्छ नाही, ते जाळ्यात घ्यायचं नाही असा नियम होता. धामणदरी अजून बाहेरच होती.

विशाखा कामाला लागली. केंद्राचा पाण्याचा टँकर, गावाकडे जाणारी एसटी, तलावातलं पाणी, एकेकाचा माग काढून तिनं ते रेघेतून काढलं. शेवटी एकच डाग उरला. रोज सकाळी रेघेला एक उंचवटा यायचा आणि काही वेळानं दुसरा.

"हे काय असावं?" तिनं विचारलं.

काझीबाईंनी चहाचा कपही खाली ठेवला नाही. "मास्तर."

मास्तर म्हणजे विशाखाचे वडील, मोतीराम इंगोले. अकोल्याच्या शाळेत त्यांनी जन्मभर पी.टी. शिकवली. पंचाहत्तरी उलटली तरी गळ्यात शिट्टी नसली की त्यांना कपडे घातल्यासारखं वाटत नसे. पुण्यात सकाळच्या फिरण्यात त्यांचा मोठा गोतावळा होता. तो सुटला. इथं डोंगर ओलांडून पलीकडे शेषरावच्या हॉटेलात जायचं, चहा घ्यायचा, पेपरवरून चार माणसांशी वाद घालायचा आणि परत यायचं, एवढाच काय तो त्यांचा संसार उरला होता. आणि ती पायवाट नेमकी बोगद्याच्या डोक्यावरून जात होती.

"बाबा, तुम्ही आमच्या मशीनमध्ये दिसता," विशाखा रात्री जेवताना म्हणाली.

"मंग चांगलंच झालं नं. कसा दिसतो?"

"उंटाच्या पाठीसारखे. थट्टा नाही हो. तुमच्यामुळे रेघ बिघडते."

मास्तरांचा घास हातातच राहिला. "माह्यामुळं? एवढा मोठा डोंगर हाये, अन् त्याले मीच जड झालो?"

पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जाणं बंद केलं. लेकीच्या कामाआड यायचं नाही, हा त्यांचा जुना बाणा. शिट्टी खुंटीवर गेली. ते ओसरीत खुर्ची टाकून बसू लागले, दुसरी भाकरी नको म्हणू लागले. विचारलं तर, "नाई जात. त्यात काय एवढं?" एका संध्याकाळी विशाखा घरी आली तर ते अंगणात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत परेडच्या चालीनं चालत होते आणि प्रत्येक भिंतीपाशी टाच आपटून वळत होते. बापाला आपण कोंडलंय हे तिला तेव्हा लख्ख दिसलं.

मग तिनं तोडगा काढला. अडवता येत नसेल तर वजा करायचं! माणसाचं वजन माहीत असेल, त्याची वाट, वेळ आणि चाल ठरलेली असेल, तर तो कुठल्या क्षणी रेघ किती उचलणार हे आधीच सांगता येतं. तेवढं प्रोग्रामनं काढून टाकायचं की रेघ सपाट.

"म्हंजे मी जाऊ शकतो?" मास्तर खुर्चीतून उठलेच.

"जा, पण माझ्या नियमानं. रोज तीच वेळ, तीच वाट, तोच वेग. वाटेत थांबायचं नाही. दर आठवड्याला काट्यावर उभं राहायचं. हातात पिशवी नाही, छत्री नाही. आणि मोबाइल घरी ठेवायचा."

"मोबाइल काहून? तो काय मणाचा हाये का?"

"नाही न्यायचा म्हणजे नाही न्यायचा. नियम आहे."

नियम होता खरा, पण तो जुन्या खोल्यांचा. चुंबकाच्या कामात मोबाइल म्हणजे विष. गुरुत्वाला त्याचं काही देणंघेणं नव्हतं, आणि त्याचं वजन तर काट्यावर नुसतं लिहून घेतलं असतं तरी भागलं असतं. हे तिच्या डोक्यातच आलं नाही. वर्षानुवर्षं म्हटलेलं वाक्य तोंडातून आपसूक निघालं, आणि मास्तरांनी आज्ञा म्हणून ते पाळलं.

ते पुन्हा माणसांत आले. मुलांना कदम ताल शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाला कुणीतरी सांगत होतं की तुमच्या पावलांवर देशाचं यंत्र अवलंबून आहे. कॅनव्हासचे बूट पांढरे करून, नाडीची गाठ दोनदा तपासून ते निघत. आणि खरोखरच रेघ सपाट झाली. मास्तर बोगद्यावरून जात आणि यंत्राला पत्ता लागत नसे.

"मले काढून टाकलं म्हन नं," ते एकदा म्हणाले.

"काढलं नाही बाबा, वजा केलंय."

"म्हंजे मी हाओ, पन नाई." त्यांना ते फारच आवडलं. शेषरावच्या हॉटेलात त्यांनी ते सगळ्यांना ऐकवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारलं, "बोल, मी दिसून रायलो का तुले?"

काझीबाईंनी एकदा सगळा प्रोग्राम वाचून काढला. एका जागी त्या थांबल्या. "हे काय? जी वस्तू तासभर हलत नाही, ती तू मूळ रेघेतच मिळवून टाकतेस?"

"आमच्याकडे तसंच करायचे. खोलीत कुणी खुर्ची विसरलं, पाना विसरलं, तर त्याचा परिणाम एकसारखा राहतो. तासाभरानं तो खोलीचाच भाग धरायचा."

"आणि इथं?"

"इथं डोंगराचा भाग धरायचा. डोंगरात जमा."

"आमच्यात असं करत नाहीत," काझीबाई म्हणाल्या. पण केंद्र जाळ्यात घ्यायचं की नाही ते ठरवणारी दिल्लीची समिती येऊ घातली होती आणि रेघ तर काचेसारखी आली होती. त्यांनीही कानाडोळा केला.

समिती आली त्या सकाळी विशाखा आरशासमोर केस विंचरत होती. मास्तर पलंगाच्या कडेला बसून डावा दंड चोळत होते.

"विशू, आज छातीत भरल्यावानी वाटून रायलं. गॅस असन."

"रात्री भजी नको म्हटलं होतं ना? ओवा चावून खा."

"आज नाई गेलो तं चालन का?"

तिनं आरशातूनच त्यांच्याकडे पाहिलं. हजारो माणसांची हृदयं तिनं मोजली होती. छातीत भरणं, डावा दंड, घामेजलेलं कपाळ, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. पण त्या क्षणी तिला समोर एक सपाट रेघ दिसत होती आणि तिच्यात पडलेला खड्डा. प्रोग्राम तर मास्तरांना वजा करणारच होता. ते गेलेच नाहीत तर नसलेल्या माणसाचं वजन वजा होईल आणि रेघ समितीच्या डोळ्यांदेखत खाली जाईल.

"आजच नेमकी समिती आहे हो बाबा. हळूहळू... नाही, नेहमीच्याच चालीनं जा. शेषरावचा चहा घेतलात की मोकळं वाटेल."

मास्तर उठले. "बरं. परेड तं परेड." त्यांनी खुंटीवरची शिट्टी गळ्यात घातली.

बोगद्यात समितीचे चौघे खुर्च्या टाकून बसले होते. रेघ सपाट होती. विशाखा छान बोलत होती. अणूंचे ढग, वस्तुमानाची खबर, मधले मोलाचे सेकंद. तेवढ्यात रेघ थरथरली. तिच्यात एक उंचवटा आला आणि त्याला चिकटूनच एक खड्डा.

विशाखाला ती आकृती ओळखीची होती. पुण्यात अशी आकृती आली की समजायचं, दोन घड्याळांचा मेळ चुकलाय. मोजणारं घड्याळ एक वेळ दाखवतंय आणि वजा करणारं दुसरी.

"किरकोळ आहे," ती समितीला म्हणाली. "घड्याळं जुळवते."

तिनं ती जुळवली. खड्डा पुढं सरकत विरून गेला. उंचवटा जागच्या जागी राहिला. तिनं पुन्हा घड्याळं तपासली, प्रोग्रामच्या ओळी उघडल्या, समितीशी बोलता बोलता एकेक शक्यता बाद करत गेली. ती त्या कामात रमलीसुद्धा. बऱ्याच वेळानं आणखी एक खड्डा आला आणि गेला. आणि मग, काहीच न करता, उंचवटा हळूहळू उतरू लागला. उतरत उतरत तो रेघेला मिळाला आणि रेघ पुन्हा काचेसारखी झाली.

"वा!" समितीचे अध्यक्ष म्हणाले. "इतकी स्वच्छ रेघ आम्ही दुसऱ्या कुठल्याच केंद्रावर पाहिली नाही."

विशाखाचा चेहरा फुलला. काझीबाई मात्र पडद्याकडेच पाहत होत्या.

"विशाखा, मास्तर आज फिरायला गेलेत ना?"

"गेलेत की. म्हणून तर..."

समितीपैकी कुणीतरी काहीतरी विचारलं, ते तिला ऐकू गेलं नाही. घड्याळं सकाळपासून बरोबरच होती. वर आलेली रेघ म्हणजे वाटेत थांबलेले बाबा. खाली गेलेली रेघ म्हणजे प्रोग्रामच्या हिशेबातले बाबा, जे ठरल्या चालीनं पुढं गेले, चहा घेतला आणि परतही आले. आणि उंचवटा विरला तो दुरुस्त झाला म्हणून नाही. तास भरला होता. यंत्रानं तिच्याच नियमानं त्यांना डोंगरात जमा केलं होतं.

ती धावत सुटली. पायवाटेच्या वळणावर, हिवराच्या झाडाखाली मास्तर कुशीवर पडलेले होते. बुटांच्या नाड्या नीट बांधलेल्या होत्या. शिट्टी दातांत होती. आडरानात ती कुणाला ऐकू जाणार? पँटचा उजवा खिसा बाहेर ओढलेला, उलटा होऊन लोंबत होता. घरी ठेवलेला मोबाइल त्यांनी जुन्या सवयीनं तिथं चाचपून शोधला असावा.

तालुक्याच्या दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. "तासाभरापूर्वी आणलं असतं तर," एवढं म्हणून तो थांबला, आणि आपण हे बोलायला नको होतं हे त्याच्या ध्यानात आलं. विशाखानं त्याचं वाक्य मनात पूर्ण केलं. नंतरही ती ते रोज पूर्ण करत राहिली.

अकोल्याचं सगळं आटोपून ती परत आली तेव्हा धामणदरी जाळ्यात सामील झाली होती. अभिनंदनाचे निरोप येऊन पडले होते. तिनं यंत्राचा पडदा सुरू केला. सकाळी मास्तरांच्या वेळेला रेघेत खड्डा पडला. खाली गेली, हलके हलके वर आली, सपाट झाली. थोड्या वेळानं पुन्हा तेच. प्रोग्राम मास्तरांना नेमानं वजा करत होता, आणि वजा करायला आता मास्तर नव्हते. शून्याच्या खाली, बरोबर त्यांच्या वजनाएवढी जागा रोज रिकामी होत होती. विशाखा पडद्यासमोर बसून मोठ्यानं रडली. दवाखान्यात नाही, स्मशानात नाही, इथं रडली.

काही दिवसांनी काझीबाई तिच्या शेजारी येऊन बसल्या. "जाळ्याच्या कार्यालयातून विचारणा झालीये, सकाळचा खड्डा कसला म्हणून. प्रोग्राममधली एकच ओळ खोडायची आहे, विशाखा. तुला जमत नसेल तर मी खोडते."

"नको."

"केंद्र बाहेर काढतील. ते यंत्र लोकांच्या जिवासाठी आहे गं."

"माहीत आहे मला. मी बघते."

"चूक माझीही आहे," काझीबाई म्हणाल्या. "मला दिसत होतं, आणि मी बोलले नाही."

विशाखानं त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यानं दोघींचंही ओझं हललं नाही.

रात्री तिनं मास्तरांचा वजनकाटा बाहेर काढला. त्यांचं वजन तिला पाठ होतं. ती काट्यावर उभी राहिली, मग डोंगरावरून आणलेले धोंडे पाठीवरच्या पिशवीत एकेक करून भरत गेली, काटा त्यांच्या आकड्यावर येईपर्यंत. सकाळी त्यांच्या वेळेला ती निघाली. पिशवीचे पट्टे खांद्यात रुतत होते. परेडची चाल तिला लहानपणीच शिकवलेली होती, ती पावलं विसरली नव्हती. पलीकडे शेषरावनं काही न विचारता चहा पुढं केला. परत येऊन तिनं पडदा पाहिला. खड्डा भरला होता.

तेव्हापासून ती रोज जाते. ओळ कुणी खोडलेली नाही. मोबाइल तिच्या हातात असतो, उगाचच. रेघ सपाट येते, फक्त वळणापाशी तेवढी चुकते, कारण हिवराच्या झाडाखालून ताठ मानेनं पुढं जाणं तिला जमत नाही. ती पिशवीसकट खाली बसते. तिथं उंचवटा येतो आणि त्याला चिकटून खड्डा. कार्यालयातून विचारतात, हा गोंगाट कसला? काझीबाई दर वेळी कळवतात की गोंगाट नाही, वजन आहे, थोडा काळ चालवून घ्या.

बसल्यावर तिथं बरं वाटतं. वारा असतो, धोंड्यांचा भार मातीला टेकतो, उठावंसं वाटत नाही. पण तास भरायच्या आत उठायला हवं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तास भरला की यंत्र तिलाही डोंगरात जमा करील, आणि खाली बोगद्यात रेघ काचेसारखी सपाट होईल.

त्याआधी ती उठते. अजून तरी उठते.